टोकं रानाकडे

१

दर शनिवारी सकाळी रिपेका गावातून निघायची. गाडीच्या मागच्या सीटवर रताळी, पाव, रश्श्यासाठी डुकराची हाडं आणि धुतलेल्या कपड्यांची पिशवी. गाव सुटलं की डांबर संपायचं, मग खडीचा रस्ता, मग वेटिनीमामाच्या घराचं वळण, आणि जिथे रस्त्यालाच पुढे जायचा कंटाळा येतो तिथे तुरोआचं घर. घराच्या पाठीला पाठ लावून रान.

तुरोआ तिच्या धाकट्या बहिणीचा, माकेरेचा नवरा. दोन वर्षांपूर्वी माकेरे याच रानात गेली ती आलीच नाही. पोलीस आले, कुत्री आली, हेलिकॉप्टर घिरट्या घालून गेलं, खोऱ्यातल्या धडधाकट माणसांनी रान अक्षरशः पिंजून काढलं. तिचा एक बूटही हाती लागला नाही. प्रेत नाही, म्हणून तिच्यासाठी चारचौघांत बसून धड रडताही आलं नाही. आमच्याकडे गेलेल्या माणसांचे फोटो सभागृहाच्या भिंतीवर लावतात. माकेरेच्या फोटोचा विषय निघाला की तुरोआ ताडकन उठायचा. "जिवंत बाईला भिंतीवर टांगता? लाज वाटते का रे?" म्हणायचा आणि निघून जायचा.

पण माणूस दिवसेंदिवस वाळत चालला होता. रिपेका जेवण ठेवून जायची आणि पुढच्या शनिवारी तेच भांडं झाकणासकट तिला परत मिळायचं. आई-वडील नाहीत, बहीण नाही. म्हातारा वेटिनीमामा सोडला तर माहेरचं म्हणून तिला हाच एक उरला होता. हा तरी वाचलाच पाहिजे, असं तिने मनाशी घट्ट धरलं होतं. तिच्या नवऱ्याने, होआनीने, त्याच्यासाठी लाकडाच्या वखारीत काम बघितलं, स्वतःच्या घरातली मागची खोली रंगवून घेतली, आणि महिनाभर डोकं फोडल्यावर तुरोआ एकदाचा हो म्हणाला. महिनाअखेरीला घर सोडायचं ठरलं.

त्या शनिवारी तिने दार ढकललं तर तुरोआ चूल फुंकत बसलेला. दाढी केलेली, केस ओले करून विंचरलेले. तिला बघून तो चक्क हसला.

"बस ताई. चहा टाकतो."

त्याने टेबलावर कप मांडले. तीन. रिपेकाने खोलीत सगळीकडे बघितलं, मागच्या दाराबाहेरही डोकावून बघितलं.

"कोण येणार आहे रे?"

"आधी चहा घे," तो म्हणाला. "मग ओढ्यापर्यंत चल. तुला एक दाखवायचंय. तुमच्या रानातलं आहे, मला त्यातलं काय कळतंय!"

तुरोआ समुद्राकाठचा. त्याला माशांची नावं शंभर यायची आणि नेच्यांची दोन.

२

रिपेकाचं मात्र सगळं लहानपण नेच्यांत गेलेलं. पिकोपिको म्हणजे नेच्याचे कोवळे, गुंडाळलेले कोंब, ते खुडायला आई दोघी बहिणींना घेऊन यायची. शेकडो जातींचे नेचे, आणि खायचे त्यातले मोजके. केसाळ कोंबाला हात लावायचा नाही. ज्याच्या पानावर छोटी छोटी पिल्लं फुटतात, त्याचे कोंब चांगले, पण एका झाडाचे सगळे खुडायचे नाहीत. मामाकू हा झाडाएवढा नेचा, त्याचं खोड काळं, म्हातारं, त्याच्याखाली उभं राहून खोटं बोलायचं नाही. दगडाला चिकटलेला, पाण्यासारखा पारदर्शक नेचा नुसता बघायचा. आणि पोंगा, ज्याचं पान वरून हिरवं आणि खालून रुपेरी, तो वाटेसाठी.

ही वाटेची रीत घराघरांत थोडी वेगळी, पण त्यांच्या घरात तिच्यात सूट नव्हती. रानात शिरताना पोंग्याचं पान मोडायचं आणि रुपेरी बाजू वर करून जमिनीवर ठेवायचं. टोक घराकडे, देठ रानाकडे. थोडं पुढे जाऊन दुसरं. उजेड कमी झाला, धुकं उतरलं, तरी ती पानं चमकतात आणि टोक बघत बघत माणूस घरी येतो. येता येता ज्याने ठेवलं त्यानेच प्रत्येक पान उलटवायचं, हिरवी बाजू वर करायची. नाहीतर भलताच कुणी त्या वाटेला लागतो.

ओढ्याच्या पलीकडे, उतारावर, पानं पडली होती. रुपेरी, ताजी, एकापुढे एक, रानाच्या आतून आलेली. शेवटचं ओढ्याच्या काठाशी होतं.

"गेल्या आठवड्यात ती पार वर होती, कड्याखाली," तुरोआ म्हणाला. "रोज थोडी खाली येतायत."

"शिकारी असतील," रिपेका म्हणाली. "डुकरांच्या मागे हिंडतात मेले."

म्हणाली खरी, पण शिकारी बाहेरून आत जातात, त्यांच्या पानांची टोकं घरांकडे असायला हवीत. ती ओढ्यातले दगड ओलांडून गेली, वाकली, बघितलं. टोकं रानाकडे होती. सगळी. देठ नखाने आधी चिरून मग मोडलेला, नुसता ओढून तोडलेला नव्हे. असं मोडायला आईने त्या दोघींना शिकवलं होतं, आणि दोघींनाच.

 रिपेकाला रडू आलं आणि हसूही आलं.

"काय गं ताई? बोल ना!"

"टोक असतं ते जिथून निघालो तिकडे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "आपण घरून निघतो म्हणून आपली टोकं घराकडे. ही रानाकडे आहेत. म्हणजे जो कुणी आहे तो आतून निघालाय, तुरोआ. इकडे यायला निघालाय."

"माकेरे," तुरोआ म्हणाला.

तिने 'नाही' म्हणायला हवं होतं. दोन वर्षं रानात काय खाऊन राहील बाई? दोन हिवाळे? अक्कल हे सगळं ओरडून सांगत होती. पण वेड्या मायेपुढे अकलेचं कधी चाललंय का! ती म्हणाली, "हो. मला वाटतं, हो."

३

संध्याकाळी ती निघायच्या आधी स्वयंपाकघरात भांडी घासत होती. तुरोआने दोन ताटं भरून रस्सा खाल्ला होता, त्यामुळे तिला बरं वाटत होतं. बाहेर झिमझिम पाऊस. पत्र्यावर तो वाजत होता, आणि मधूनच पन्हाळीतून पिंपात पाण्याची धार पडत होती.

कट्.

ती थांबली. नळ बंद केला.

पाऊस. पन्हाळ. मग पुन्हा, ओढ्याच्या बाजूने, स्वच्छ, कोरडं: कट्.

पावसात ओली फांदी अशी वाजत नाही. ती मोडताना चरचरते, कण्हते. हा आवाज रिपेकाला झोपेतही ओळखता आला असता. नखाने चीर देऊन पोंग्याचा देठ मोडला की असा वाजतो.

"ऐकलंस?" तुरोआ दारात उभा होता. "रोज याच वेळेला. मी चहाचं आधण ठेवलं की."

"हाक मार ना मग," रिपेका म्हणाली. "माकेरे असेल तर ओ देईल."

"मारली की. हाक मारली की आवाज थांबतो." तो लाजल्यासारखा हसला. "म्हणून आता मारत नाही. घाई कशाला? तिच्या पावलांनी येऊ दे."

गाडी चालवताना तिने स्वतःशी हिशेब मांडून बघितला. पोसम असेल, मांजराएवढा तो प्राणी झाडपाला कुरतडतो. पण पोसम पान रुपेरी बाजू वर करून ठेवत नाही. मग तुरोआ स्वतःच ठेवत असेल, दुःखाने माणसाचं डोकं फिरतं. पण आवाज आला तेव्हा तुरोआ तिच्या मागे दारात होता. मग कोण? वेटिनीमामा? गुडघे धरून चालणारा तो म्हातारा कड्यावर चढणार होय! एकेक नाव खोडत ती गावात पोचली, तेव्हा एकच उरलं होतं. होआनीला तिने काही सांगितलं नाही.

४

पुढच्या शनिवारी अंगणात खोकी नव्हती. तिने तुरोआला सामान भरायला आणून दिलेली ती सगळी खोकी चुलीत गेली होती.

घर लख्ख. फरशी पुसलेली, पडदे धुतलेले, पलंगावर नवी चादर. आणि सगळीकडे ओल्या नेच्याचा वास. खरं तर छान वास तो, पण घरात आला की ओल मुरलेल्या भिंतीसारखा वाटतो. टेबलावर वाडगाभर पिकोपिको होता. रिपेकाने एक कोंब उचलला. केसाळ नाही, कडवट नाही, अगदी पोपटी, नेमका खायचा.

"कुणी खुडले?"

"पायरीवर होते," तुरोआ म्हणाला. "मला कुठले ओळखू येतात!"

पानं आता ओढ्याच्या अलीकडे आली होती. कुंपणातून शिरून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून मागच्या पायरीपर्यंत. टोकं मागे, रानाकडे.

"तुरोआ, मंगळवारी गाडी घेऊन होआनी येतोय. तू हो म्हणालायस."

"आता नाही येत."

"अरे पण..."

"ताई, तूच सांगितलंस ना?" तो चिडला नव्हता. लहान मुलाला समजवावं तसा बोलत होता. "ती निघालीय म्हणालीस. ती इतकी चालत येणार आणि दाराला कुलूप? कुठल्या तोंडाने?"

"मी चुकले असेन! माझ्या बोलण्याला काय धरून बसतोस? दोन वर्षं झाली तिला. गेली ती, तुरोआ. गेली माझी बहीण!"

पहिल्यांदाच ती हे तोंडाने बोलली होती. बोलली, आणि खुर्चीत बसून ओक्साबोक्शी रडली. तुरोआने तिच्या पाठीवर हात ठेवला. हात थंडगार होता, ओला होता, बोटांना हिरवट डाग होते.

"रडू नकोस गं," तो म्हणाला. "ती आत येऊन गेली."

रिपेकाने डोळे पुसले. "काय?"

"काल. मी झोपलो होतो दुपारचा. बघ ना."

त्याने पलंगाकडे बोट दाखवलं. मागच्या दारापासून पलंगापर्यंत, पुसलेल्या फरशीवर, पोंग्याची तीन पानं पडली होती. रुपेरी. शेवटचं पान त्याच्या उशाशी होतं, आणि त्याचं टोक दाराकडे होतं.

"मग गेली कुठे?" रिपेकाने विचारलं.  "आली तर थांबली का नाही?"

तुरोआने खांदे उडवले. "येईल परत. चहा घेतेस?"

५

दुपारभर समजावूनही तो हलेना, तेव्हा ती वेटिनीमामाकडे गेली. मामा म्हणजे तिच्या आईचा भाऊ, खोऱ्यातला सगळ्यात तिरसट म्हातारा. पण तुरोआ ऐकलं तर याचंच ऐकायचा. मामा अंगणात कोंबड्यांना शिव्या घालत दाणे टाकत होता.

"आलीस? शनिवारची बाई! माझ्यासाठी पाव आणलास का सगळा त्या जावयाला?"

"मामा, मस्करी नको. माझ्याबरोबर चल. त्याला आजच्या आज न्यायचाय. उचलून न्यावं लागलं तरी."

"मी उचलू? मला उचलायला दोघं लागतात."

तिने सगळं सांगितलं. पानं, देठाची चीर, टोकं, पलंग. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की मामाने दाणे टाकायचं थांबवलंय. कोंबड्या त्याच्या बुटांवर चोची मारत होत्या आणि त्याला पत्ता नव्हता.

"टोकं रानाकडे," मामा म्हणाला.

"हो. म्हणजे ती तिकडून निघाली. मी त्याला तसंच सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"की ती येतेय."

मामाने तिच्याकडे असं बघितलं की तिला लहानपणी खाल्लेली थप्पड आठवली.

"पोरी, तू पानं कशाला ठेवतेस?"

"वाट सापडावी म्हणून."

"कुठली वाट? जायची?"

"नाही. परतीची."

"मग? ज्या वाटेने परत जायचं नाही, ती वाट कोण आखतं? घरी राहायला येणारी बाई वाटभर पानं ठेवत येईल कशाला? दार दिसलं की धावत सुटेल!" मामाने मुठीतले दाणे खाली टाकून दिले. "टोक घराकडे असतं, रिपेका. ज्याने ठेवलं त्याच्या घराकडे. ती राहायला नाही आलेली. ती घेऊन जायला आलीय."

कोंबड्यांचा कलकलाट चालू होता.  रिपेका वळली आणि गाडीकडे धावली.

"थांब! मला टॉर्च घेऊ दे!" मामा मागून ओरडला. "एकटी आत जाऊ नको, ऐकलंस का!"

६

उजेड अजून होता, पण कड्यामागे सूर्य गेला की त्या घरावर सावली आधी येते. दार उघडं. चुलीवर आधण खळखळत होतं. टेबलावर तीन कप होते, दोन उष्टे. तिसरा कोरडा, दांडी रिपेकाच्या खुर्चीकडे करून ठेवलेला.

"तुरोआ!"

पलंगाशी पान होतं. हिरवं. तिने दुसरं बघितलं, तेही हिरवं. दारातलंही हिरवं. कुणीतरी नीट वाकून एकेक उलटवलं होतं. तिला रीत पाठ होती. पान कधी उलटवतात ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

पायरीवरचं हिरवं. टाकीजवळचं हिरवं. कुंपणाबाहेर गवतात त्याच्या रबरी बुटांचे ठसे होते, निवांत चाललेल्या माणसाचे. त्यांच्या पुढे दुसरे ठसे होते का, ते तिने बघितलं नाही. बघायचं टाळलं म्हणा हवं तर.

ती ओढ्यात शिरली, घसरली, उठली, उतार चढायला लागली. अंधार घरापेक्षा रानात दाट होता. नेच्यांची झाडं डोक्यावर छत्र्या मिटल्यासारखी जवळजवळ आलेली. धावता धावता हात आपसूक बाजूला जात होता, नखाने चीर देत होता, मोडत होता, वाकून ठेवत होता. लहानपणापासूनची सवय ती. बरंच झालं, तिच्या मनात आलं, यायला वाट तरी राहील.

कट्, तिच्या हातात वाजत होतं. कट्.

७

वर, मामाकूंच्या काळ्या खोडांपलीकडे, तिला तुरोआचा पिवळा रेनकोट दिसला.

तो हळूहळू चढत होता. त्याच्या पुढे पाच-सहा रुपेरी पानं अजून चमकत होती. त्यांतलं सगळ्यात जवळचं विझलं. मग त्यापुढचं. तुरोआ वाकत नव्हता. त्याच्या कोपराशी कुणीतरी होतं, ते वाकत होतं. गुडघे न मोडता, कमरेतून सरळ. वाकायचं, उलटवायचं, उठायचं. आई म्हणायची, माकेरे, अशी वाकतेस, कंबर जाईल एक दिवस तुझी. उठताना मात्र ते जरा जास्तच वेळ उठत होतं. एकेक वेटोळं सुटावं तसं, सावकाश, आणि संपतच नव्हतं.

"तुरोआ!" रिपेका किंचाळली. "मागे ये! तुझ्या पाया पडते, मागे ये रे!"

तो वळला. चेहरा इतका समाधानी होता की तिला त्याचा राग आला. दोन वर्षं ती त्या चेहऱ्यासाठी भांडी वाहत होती.

"ताई, तूही आलीस!" तो म्हणाला. मग शेजारच्या कुणाला तरी, कौतुकाने, "बघ. म्हटलं होतं ना मी, येईल म्हणून."

शेवटचं पान विझलं. पिवळा रंग नेच्यांत मिसळला, आणि मग नुसतं रान उरलं. ओलं, हिरवं, थेंब गळणारं.

ती किती वेळ ओरडत राहिली ते तिलाच कळलं नाही. पुढे जायची हिंमत नव्हती. घरी दोन मुली होत्या, होआनी होता, आणि मेलेल्याच्या मागे जिवंताने किती जायचं यालाही मर्यादा असते. ती रडत रडत मागे फिरली.

खाली, उतारावर, तिची स्वतःची पानं चमकत होती. तिला जरा धीर आला. ती पहिल्या पानापाशी गेली, उलटवायला वाकली आणि तशीच थांबली.

टोक तिच्याकडे होतं. तिच्या मागे, वर, रानाकडे.

घाईत ठेवलं, चुकलं असेल. ती दुसऱ्याशी गेली. मग तिसऱ्याशी. देठाला तिच्या नखाची चीर होती, तोच चीक तिच्या हाताला होता. खाली ओढ्यापर्यंत दिसत होती तेवढी सगळी पानं एकाच दिशेला होती. तिने टोक हाताने फिरवायला घेतलं. जमेना. टोक खाली घराकडे केल्यावर हाताला खुपायला लागायचं, चुकीचं वाटायचं, आणि बोटं ते पुन्हा होतं तसं करायची.

ओढ्याच्या पलीकडे टॉर्चचा उजेड हलला. मामाचा आवाज आला, म्हातारा, धापा टाकणारा.

"रिपेका! ए पोरी! पुरे झालं आता! घरी ये!"

"आले, मामा!" ती ओरडली. तिला फार बरं वाटलं. डोळे पुसून ती उठली आणि टोकं बघत बघत चालायला लागली.

मामाने पुन्हा हाक मारली. या वेळी हाक जरा लांबून आली.